डेझी लिनक्सवर पुन्हा पुन्हा गोठतो? रॅम नाही, मॅप काउंट बघा

डेझी या ऑनलाइन गेममधल्या चेर्नोगोर्स्क शहराच्या रुग्णालयात वरच्या मजल्यावर होतो. खालून कुणाच्या तरी बुटांचा आवाज आला. मी दाराआड सरकलो, बंदूक वर केली आणि चित्र थांबलं. आवाजाचा एक तुकडा तेवढा अडकल्यासारखा वाजत राहिला. माउस हलेना, एस्केप दाबून काही होईना. शेवटी टर्मिनलमधून गेम बंद पाडावा लागला. परत सर्व्हरवर पोचलो तोवर सगळं संपलं होतं. किनाऱ्यावर नवा माणूस, अंगात साधा शर्ट, जवळ एक चिंधी आणि एक फळ.

डेझी खेळणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगावं लागत नाही. इथं मेलात की मेलात. जमवलेलं सगळं त्या देहापाशीच राहतं. गेम तुमच्या मशीनवर अडकला तरी सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो, तिथं तुमचा माणूस जागच्या जागी उभाच असतो. दुसऱ्या एखाद्या गेममध्ये असं झालं तर वैताग येतो. इथं आठवड्यांची मेहनत जाते. म्हणूनच मी या बिघाडाच्या पार मुळाशी गेलो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकदा बरा झाल्यावर तो परत का येतो, तेही शोधलं. माझ्याकडे तो तीनदा परतला आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं.

आधी एक गैरसमज दूर करतो. "लिनक्सवर हा गेम धड चालतच नाही" असं सर्रास ऐकू येतं. तसं नाही. डेझीचा जन्म २०१२ साली आर्मा २ या गेमचा मॉड (मूळ गेममध्ये बाहेरून केलेली भर) म्हणून झाला. डिसेंबर २०१३ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच खेळायला, आला आणि डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण झाला. पीसीसाठी त्याची फक्त विंडोज आवृत्ती आहे, त्यामुळे लिनक्सवर तो प्रोटॉनमधून, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनातून, चालवावा लागतो. प्रोटॉन २०१८ पासून उपलब्ध असला तरी बरीच वर्षं बॅटलआय ही चीटिंग रोखणारी यंत्रणा आडवी येत होती. डिसेंबर २०२१ मध्ये बॅटलआय प्रोटॉनवर चालायची सोय झाली, पण ती वापरायची की नाही हे प्रत्येक गेमच्या निर्मात्यावर सोडलेलं होतं. बोहेमिया इंटरॲक्टिव्हनं डेझीसाठी ती मुभा दिली, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तेव्हापासून गेम उत्तम चालतो. उरला आहे तो मॅप काउंट हा एक आकडा.

लक्षणं

मेन मेनू लोड होताना गेम गोठतो, किंवा मेनू नीट येतो, सर्व्हरवर जाता येतं आणि काही मिनिटांनी सगळं थबकतं. कधी खिडकी नुसती नाहीशी होते. मॉड असलेल्या सर्व्हरवर हे लवकर होतं. सर्वांत चकवणारी गोष्ट म्हणजे कुठे एखादा संदेश सापडलाच तर तो मेमरी मिळाली नाही असं सांगतो, आणि सिस्टम मॉनिटर उघडून बघावं तर निम्मी रॅम रिकामी.

त्या संदेशानं माझी एक अख्खी सुट्टी खाल्ली. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवला. प्रोटॉनच्या चार आवृत्त्या बदलून पाहिल्या. ग्राफिक्स ड्रायव्हर मागे नेला, पुढे आणला. गेम काढून पुन्हा उतरवला. यातल्या कशाचाही काही उपयोग नव्हता. तुम्ही आत्ता यातलं काही करायला निघाला असाल तर थांबा, आधी पुढचं वाचा.

नेमकं होतं काय

प्रोग्रामला मेमरी लागते तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला सलग पट्टे आखून देतो. हा पट्टा वाचण्यापुरता, हा लिहिण्यासाठी, हा कोड चालवण्यासाठी, हा अमुक फाईलशी जोडलेला. शेताच्या सातबाऱ्यावर जशी गटांची नोंद असते तशी प्रत्येक पट्ट्याची एक नोंद कर्नल ठेवतो. एका प्रोग्रामच्या नावावर अशा किती नोंदी असू शकतात याला मर्यादा आहे. त्या मर्यादेचं नाव मॅक्स मॅप काउंट, आणि कर्नलची मूळ किंमत आहे ६५५३०.

मर्यादा नोंदींच्या संख्येवर आहे, क्षेत्रफळावर नाही, हे लक्षात घ्या. एकच पट्टा कित्येक गिगाबाइटचा असला तरी नोंद एकच. पण त्याच पट्ट्याच्या मधल्या एका पानाची (मेमरीच्या छोट्या ठरावीक तुकड्याची) परवानगी बदलली की एकाचे तीन तुकडे होतात आणि नोंदी तीन. विंडोजच्या पद्धतीत प्रोग्राम आधी पत्त्यांची मोठी जागा राखून ठेवतो आणि मग लागेल तसा एकेक भाग वापरात घेतो. प्रोटॉनमधलं वाइन हे सगळं इमानेइतबारे लिनक्सच्या भाषेत उतरवतं, आणि तुकड्यांची संख्या भराभर वाढत जाते. डेझीसारखा अख्खा प्रदेश उघडा ठेवणारा गेम, त्यात मॉड, म्हणजे ६५ हजार नोंदी बघता बघता भरतात. पुढची नोंद मागितली की कर्नल नकार देतो, आणि तो नकार "मेमरी देता येत नाही" याच क्रमांकाच्या त्रुटीनं देतो. रॅम संपली तरी तीच त्रुटी, नोंदी संपल्या तरी तीच. त्यामुळे आपण रॅमच्या मागे धावतो.

६५५३० हा आकडा आला कुठून, याचंही उत्तर मिळालं आणि ते वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. प्रोग्राम कोसळल्यावर त्याच्या मेमरीची जी प्रत डिस्कवर उतरवतात, तिच्या फाईलमध्ये तुकड्यांची संख्या लिहायला १६ बिटांचीच जागा होती. १६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५५३५. त्यातून पाच नोंदी हाताशी राखून ठेवल्या, उरले ६५५३०. एका फाईलच्या रकान्याची रुंदी आज आपल्या गेमच्या आड येते. मेमरी किती आहे, मशीन किती ताकदीचं आहे, याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. ६४ जीबी रॅमच्या मशीनवरही गेम तितक्याच खात्रीनं गोठेल.

खात्री करून घ्या

इथून पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. "सिसकंट्रोल" चं स्पेलिंग एस-वाय-एस-सी-टी-एल एवढंच आहे. पुढची रेघ म्हणजे डॅश, तळाची रेघ म्हणजे अंडरस्कोर.

सध्याची मर्यादा बघायची कमांड:

सिसकंट्रोल व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट

उत्तर ६५५३० आलं तर चोर जवळपास सापडला. मला मात्र त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. तुम्हालाही असेल तर सिस्टम मॉनिटरमध्ये डेझीची मुख्य प्रोसेस शोधा आणि तिचा पीआयडी क्रमांक लिहून घ्या. मग दुसऱ्या स्क्रीनवर किंवा शेजारच्या खिडकीत ही कमांड चालू ठेवा, पीआयडीच्या जागी तो क्रमांक घालून:

वॉच डब्ल्यूसी -एल /प्रोक/पीआयडी/मॅप्स

प्रोक या फोल्डरमध्ये प्रत्येक चालू प्रोसेसच्या नोंदींची यादी असते, एका ओळीत एक नोंद. ही कमांड दर दोन सेकंदांनी त्या ओळी मोजते. मी ती चालू ठेवून गेममध्ये शिरलो. मेनूपर्यंत आकडा वेगानं चढला, मग जरा स्थिरावला. सर्व्हर निवडला तसा पुन्हा उसळला. किनाऱ्यावरून शहराकडे चालत निघालो तर साठ हजार, बासष्ट, चौसष्ट. मी चालायचं थांबवून फक्त आकड्याकडे बघत होतो. ६५५३० च्या दारात तो येऊन थांबला आणि त्याच क्षणी समोरचं गवत हलायचं थांबलं. इतक्या दिवसांच्या संशयावर शिक्का बसायला तेवढं पुरेसं होतं.

उपाय

मर्यादा वाढवायची. किती? डेझीला निदान १०४८५७६ लागते. हाच आकडा मोठ्या डिस्ट्रोंनीही (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार अवतारांनी) आता स्वीकारला आहे. फेडोरानं ३९ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, तो वाढवला. एप्रिल २०२४ मध्ये आर्चनं आणि त्याच महिन्यात आलेल्या उबंटू २४.०४ नं तेच केलं. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग मशीनवरच्या स्टीमओएसमध्ये तर तो २१४७४८३६४२ आहे, म्हणजे जवळजवळ मोकळं रान. म्हणूनच एकाच घरात डेकवर गेम सुरळीत चालतो आणि टेबलावरच्या तगड्या मशीनवर गोठतो असं दिसू शकतं.

आत्ताच्या आत्ता करून बघायचं असेल तर:

सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट=१०४८५७६

मग गेम बंद करून पुन्हा सुरू करा. मर्यादा वाढवली म्हणून मेमरी खर्च होत नाही. प्रत्यक्ष नोंदी जेवढ्या होतील तेवढीच कर्नलची थोडी जागा जाते. एखादा बिघडलेला प्रोग्राम अमर्याद नोंदी करत सुटू नये यासाठी हा अडसर आहे. घरच्या मशीनवर तो उंच करून ठेवण्यात मला धोका दिसत नाही. फक्त स्टीमओएसचा अवाढव्य आकडा उचलून घालायची गरज नाही, दहा लाखांची मर्यादा मला मॉडसकट पुरली आहे.

स्टीम फ्लॅटपॅकमधून (सिस्टमपासून वेगळं ठेवलेलं पॅकेज) घेतलं असेल तरी ही कमांड बाहेर, मूळ सिस्टमवरच द्यायची. फ्लॅटपॅकच्या आतला प्रोग्राम त्याच कर्नलवर चालतो, त्यामुळे बाहेरची मर्यादा आपोआप आत लागू होते.

तो परत का येतो

पहिल्यांदा वरची कमांड दिली, गेम दोन दिवस लोण्यासारखा चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गोठला. कारण साधं होतं. त्या कमांडनं केलेला बदल मशीन बंद होईपर्यंतच टिकतो. मी दोन दिवस मशीन नुसतं झोपवत होतो, तिसऱ्या दिवशी रीस्टार्ट केलं. म्हणून तर हा बिघाड "कधी होतो, कधी नाही" असा वाटतो.

मग कायमचा उपाय म्हणून मी तीच ओळ ईटीसी फोल्डरमधल्या सिसकंट्रोल डॉट कॉन्फ या फाईलच्या शेवटी लिहिली. जुन्या मार्गदर्शक लेखांत हेच सांगितलेलं असतं, आणि ते बरेच महिने चाललंही. पुढे डिस्ट्रोची नवी आवृत्ती घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी गेम गोठला. फाईल जागेवर, ओळ जागेवर, आकडा मात्र जुना. झालं असं होतं की बूट होताना ही सेटिंग्ज वाचणारी सिस्टमडीची सेवा आता ती एकटी फाईल बघतच नाही, ती फक्त ठरलेल्या फोल्डरांतल्या फाईली वाचते. डेबियन १३ मध्ये हा बदल झाला आहे आणि त्यांच्या प्रकाशन-टिपणात तो स्पष्ट लिहिलेला आहे. आर्चवर तर हे २०१३ पासूनच असं आहे. यात डिस्ट्रोची चूक नाही. फाईल उघडल्यावर आपली ओळ तिथं दिसते, म्हणून आपण दुसरीकडेच शोधत बसतो, इतकंच.

तेव्हा ओळ लिहायची ती ईटीसीमधल्या "सिसकंट्रोल.डी" या फोल्डरात, स्वतंत्र फाईल करून. फाईलचं नाव "डॉट कॉन्फ" नं संपलंच पाहिजे, नाहीतर ती वाचली जात नाही. आत एकच ओळ:

व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट = १०४८५७६

मी फाईलचं नाव "९९-गेमिंग.कॉन्फ" ठेवलं. ९९ नं सुरू होणारी फाईल सगळ्यांत शेवटी वाचली जाते असं समजून निश्चिंत झालो. तिसऱ्या परतण्याचं मूळ इथंच होतं.

काही महिन्यांनी कामासाठी मशीनवर एक सर्च सर्व्हर बसवला. गेमशी त्याचा काय संबंध? पण त्या आठवड्यापासून डेझी पुन्हा अडकायला लागला, आणि या खेपेला मेनूवर नाही, तर तासाभरानं. मर्यादा बघितली तर ६५५३० नाही आणि १०४८५७६ ही नाही. २६२१४४! हा आकडा मी कुठेच लिहिला नव्हता. त्या सर्व्हरलाही भरपूर नोंदी लागतात, म्हणून त्याचं पॅकेज स्वतःची सेटिंगची फाईल सोबत आणतं. त्याच्यापुरती ती वाढच होती, माझ्यासाठी मात्र घट. पण माझी ९९ ची फाईल असताना ती जिंकली कशी? या फाईली कुठल्याही फोल्डरात असोत, नावाच्या क्रमानं लागतात, आणि त्या क्रमात आकड्यांनंतर अक्षरं येतात. तिचं नाव अक्षरानं सुरू होत होतं. ती ९९ च्याही मागून आली, आणि ज्याचा शब्द शेवटचा त्याचंच खरं.

म्हणून आता माझ्या फाईलचं नाव "झेडझेड-गेमिंग.कॉन्फ" आहे. दिसायला विचित्र आहे, पण तिच्या मागे सहसा कुणी येत नाही. कुठली फाईल कुठल्या क्रमानं वाचली जाते हे डोळ्यांनी बघायचं असेल तर:

सिस्टमडी-अनॅलाइझ कॅट-कॉन्फिग सिसकंट्रोल.डी

यात प्रत्येक फाईलचा पत्ता आणि आतला मजकूर ओळीनं येतो. मॅप काउंट हे शब्द शोधत खाली जा, सर्वांत शेवटी जो आकडा दिसेल तोच लागू. फाईल लिहून झाल्यावर मशीन खरंच रीस्टार्ट करा आणि मगच मर्यादा वाचा. हाताने सेटिंग्ज लागू करून मिळालेलं उत्तर आणि बूटनंतरचं उत्तर वेगळं असू शकतं, कारण दोन्ही कामं वेगवेगळे प्रोग्राम करतात. माझी भिस्त फक्त रीस्टार्टनंतरच्या आकड्यावर असते.

दिसायला सारखे, पण निराळे

मर्यादा बरोबर आहे आणि तरी गेम जातो, असंही होतं. तेव्हा कर्नलचा लॉग उघडा (जर्नलसीटीएल -के). त्यात "आउट ऑफ मेमरी" आणि प्रोसेस मारल्याची ओळ असेल तर रॅम खरोखरच संपली आहे. ब्राउझर बंद करा, स्वॅप बघा. एएमडी कार्डाच्या ड्रायव्हरच्या नावापुढे "टाइमआउट" दिसला, किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची "एक्सआयडी" असलेली ओळ दिसली, तर प्रश्न ग्राफिक्सचा आहे, या लेखातला एकही उपाय तिथं लागू पडणार नाही. मॅप काउंटच्या बिघाडात कर्नलचा लॉग बहुतेक कोराच असतो. ही शांतता हीसुद्धा एक खूण आहे.

सर्व्हरवर शिरताच संदेश देऊन बाहेर काढलं जात असेल तर ते बॅटलआयचं काम. स्टीमच्या लायब्ररीत टूल्स दाखवायला सांगा आणि "प्रोटॉन बॅटलआय रनटाइम" उतरलेलं आहे का ते बघा. नसेल तर उतरवा.

मॉड जुळत नाहीत ही वेगळीच कटकट. गेमसोबत येणारा लाँचर प्रोटॉनमध्ये मॉडची जुळणी नीट करू शकत नाही. त्यासाठी खेळाडूंनीच लिहिलेले लिनक्सचे स्वतंत्र लाँचर आहेत. डीझेडजीयूआय हा त्यातला खिडकीवाला, आणि टर्मिनलमधून चालणारी एक स्क्रिप्टही आहे. ते सर्व्हरला कुठले मॉड लागतात ते विचारून स्टीमच्या वर्कशॉप फोल्डरातून जोडून देतात. फाईली २२११०० या क्रमांकाच्या फोल्डरात सापडतील, तो डेझीचा स्टीमवरचा क्रमांक. मॉडचे सर्व्हर खेळणार असाल तर यांना पर्याय नाही असं माझं मत.

आणि गेम विंडोजसोबत वाटून घेतलेल्या एनटीएफएस डिस्कवर ठेवला असेल तर तो आधी लिनक्सच्या स्वतःच्या फाईलसिस्टमवर हलवा. प्रोटॉनला लागणाऱ्या काही फाईलींच्या नावात कोलन असतो, आणि तिथून सुरू होणाऱ्या तक्रारींना अंत नाही.

हे सगळं करूनही गेम गोठलाच, तर मदत मागण्याआधी स्टीममध्ये डेझीच्या लाँच ऑप्शनमध्ये ही ओळ घाला. यातला प्रोटॉन_लॉग हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत लिहायचा:

प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%

गेम पुन्हा गोठू द्या. होम फोल्डरात २२११०० क्रमांकाचा लॉग तयार झालेला असेल. तो, रीस्टार्टनंतर वाचलेली मर्यादा आणि गोठण्याच्या क्षणी मोजलेल्या नोंदींचा आकडा, या तीन गोष्टी सोबत द्या. नोंदी मर्यादेच्या खूप खाली असताना गेम गोठला असेल तर तेही आवर्जून लिहा, म्हणजे मदत करणारा थेट पुढच्या शक्यतेकडे वळेल.